मन्मथअप्पांची बिनधक्क्याची गाडी

मन्मथअप्पांना तुम्ही चहाला बोलावलंत, तर कप समोर यायच्या आधीच ते शर्टाच्या खिशातून काचेची एक गोटी काढतील आणि तुमच्या टेबलावर ठेवतील. मग हात मागे घेऊन, श्वास रोखून तिच्याकडे बघत बसतील. आमच्या टेबलावरून ती पहिल्याच दिवशी घरंगळत थेट माझ्या नवऱ्याच्या मांडीत गेली.

"उतार हाय," अप्पा गंभीरपणे म्हणाले. "मॅडम, ह्या टेबलावर गाडी थांबायची न्हाई."

आमच्या टेबलावर गाडी थांबवायचा आमचा विचार नव्हता, पण तसं म्हणायचा धीर झाला नाही. नवऱ्याने मुकाट्याने टेबलाच्या एका पायाखाली वर्तमानपत्राची घडी सरकवली. गोटी पुन्हा ठेवली गेली. या खेपेला ती जागची हलली नाही, तेव्हा कुठे अप्पांनी चहाला हात लावला. तोवर चहाचं सरबत झालं होतं.

मी मूळची नांदेडची. नोकरीमुळे अहमदपूरला आले, कॉलेजात शिकवू लागले आणि अप्पांच्या शेजारचं घर भाड्याने घेतलं. अप्पांचं फोटो फ्रेमचं दुकान आहे. देव, पुढारी, नवरा-नवरी आणि कैलासवासी मंडळी, सगळी त्यांच्या हाताखालून काचेआड जातात. कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग आणि खिशात गोटी. लग्नातल्या जेवणाच्या टेबलावर त्यांनी गोटी ठेवलेली मी स्वतः पाहिली आहे. एकदा म्हणे एका घरी सांत्वनाला गेले होते, तिथेही ठेवली. हे मात्र काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने सांगितलेलं, त्यामुळे त्यात थोडा तिखटमिठाचा भाग असेल.

गोटीइतकाच त्यांचा लाडका एक शब्द आहे, आहिस्ता. कुणी दार लावलं की आहिस्ता, स्कूटर स्टँडवर घेतली की आहिस्ता. गल्लीत दूधवाला कॅन उतरवायला लागला की खिडकीतून आवाज आलाच, "आहिस्ता! धक्का न्हाई पायजे."

धक्क्याचं या माणसाला एवढं वावडं कशाचं, हा प्रश्न मला काही स्वस्थ बसू देईना. एक दिवस मी सरळ काकूंनाच विचारलं. त्या भाकरी थापत होत्या. पिठाचा हात तसाच ठेवून त्यांनी कोपराने माडीकडे खूण केली.

"वर जाऊन बघा. मी न्हाई पाऊल ठेवत तिथं."

वर गेले तर खोलीभर रेल्वे! कमरेएवढ्या उंचीवर प्लायवूडच्या लांबरुंद फळ्या होत्या. त्यांच्या खाली फ्रेमच्या पट्ट्यांच्या चौकटी होत्या, आणि देवाच्या फोटोला घालावेत तसे कोपरे तिरके कापून बेमालूम जोडलेले होते. वर पितळी पट्ट्यांचे रूळ. अप्पा हातात सोल्डरिंगची सळई घेऊन ओणवे होते.

"रूळ विकत मिळत नाहीत का?"

"मिळतेत की. पर धक्का बसतो त्याच्यावर. आपले आपण केलेले बरे."

अहमदपूरला रेल्वे नाही. दर निवडणुकीला ती येते आणि निकाल लागला की जाते. वाट बघून कंटाळल्यावर अप्पांनी स्वतःच टाकायला घेतली होती. एका टोकाला अहमदपूर, मधे माळाकोळी, पलीकडच्या भिंतीशी लोहा. पुढे काहीच नाही.

"नांदेडपर्यंत का नाही नेली?" मी माहेरच्या अभिमानाने विचारलं.

"नांदेड तुमचं हाय," अप्पा म्हणाले. "लोहा हिचं हाय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. काकूंना गाडी लागते. बस असो, जीप असो, कार असो, धक्के बसायला लागले की पोटात ढवळायला लागतं. मुठीत लिंबू धरून, ते हुंगत हुंगत त्या जन्मभर माहेरी गेल्या, आणि जायचं म्हटलं की आदल्या दिवसापासून जेवण बंद. फक्त एकदा, नवं लग्न झालेलं असताना, दोघं लातूर रोडहून परळीला वैजनाथाच्या दर्शनाला रेल्वेने गेले होते.

"भज्याची आख्खी पुडी खाल्ली हिनं! खिडकीशी बसून! लिंबू पिशवीतून भायेर काढलंच न्हाई." सांगताना अप्पांचा चेहरा उजळला. "तवा म्हणलं, आपल्या गावाला रेल्वे येऊ दे, दर महिन्याला लोह्याला नेतो तुला."

रेल्वे आली नाही. मागच्या वर्षी काकूंचा थोरला भाऊ गेला. निरोप आला तशी दोघं जीपने निघाली. माळाकोळीला काकूंना इतकं झालं, की उतरून रस्त्याच्या कडेला पडून राहावं लागलं. लोह्याला पोचली तेव्हा माती देऊन माणसं माघारी येत होती.

"भावाचं तोंड दिसलं न्हाई हिला. तवापासून लोह्याचं नाव काढत न्हाई." अप्पा रुळावर फुंकर मारत राहिले. "तिनं एकदा येऊन बघावं, बिनधक्क्याची गाडी लोह्याला जाती. दुसरं काय न्हाई."

यानंतर मी अलिप्त राहणं शक्य नव्हतं. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात आइस्क्रीम फार खाल्लं गेलं, कारण काड्यांचे स्लीपर व्हायचे. रुळांखालची खडी म्हणून अप्पांनी आधी ज्वारीच्या कण्या पसरल्या, तर मुंग्यांनी माळाकोळीपर्यंतची खडी उचलून नेली. मग काकूंच्या चहाच्या गाळणीने मुरूम चाळला. त्यावरून खाली जे रामायण झालं, ते मला भिंतीपलीकडून ऐकू आलं.

खरी पंचाईत मे महिन्यात झाली. पत्र्याखालच्या त्या भट्टीत रूळ लांबले आणि कमान करून वर उठले. तेव्हा अप्पांनी सांध्यात फट ठेवली. पण फटीवरून चाक गेलं की टक् व्हायचं, आणि धक्का कळावा म्हणून डब्यावर ठेवलेल्या औषधाच्या टोपणातलं पाणी सांडायचं. पाणी सांडलं की अप्पांचं तोंड उतरायचं. बरेच दिवस ते असे घुम्यासारखे फिरले. मग एका दुपारी दुकान उघडं टाकून, फ्रेमच्या दोन पट्ट्या नाचवत आमच्या दारात.

"मॅडम, तिरकं! चौकटीच्या कोपऱ्यावानी तिरकं कापायचं!"

रुळांची टोकं सरळ न कापता तिरकी कापली, की एका रुळावरून सुटायच्या आत चाक दुसऱ्यावर चढलेलं असतं. फट तर राहते, पण चाकाला तिचा पत्ता लागत नाही. मी डोळे मिटून ऐकलं. टक् झालं नाही.

श्रावणातल्या सोमवारी उद्घाटन ठरलं. पाहुणे म्हणजे मी आणि माझा नवरा. नारळ फुटला. अप्पांनी इंजिनाला विभूतीचे तीन पट्टे ओढले आणि मग भक्तिभावाने रुळांनाही या टोकापासून त्या टोकापर्यंत विभूती लावली. "ऐकलं का, ये की वर!" अशी खाली हाक मारली. बटण दाबलं.

गाडी हलली नाही.

वायरी बघून झाल्या, इंजिन उलटं करून झालं. अप्पांना दरदरून घाम फुटला. तेवढ्यात दारात काकू दिसल्या. पदर नाकाला, मुठीत लिंबू. नुसती हलती गाडी बघायची म्हणून लिंबू घेऊन आल्या होत्या! कधी नव्हे ते त्या वर आल्या होत्या, आणि नेमकी आज गाडी रुसली होती. अप्पांकडे माझ्याने बघवेना.

"चालंना व्हय?" काकू म्हणाल्या.

"काय झालं उमजंना."

काकूंनी दारातूनच नजर फिरवली. "आवो, रुळातनं करंट जातो म्हणून रोज सांगता न्हवं? मग त्याला राख कशाला फासली?"

अप्पांचा हात आपोआप कपाळावर गेला.

"सरा. पितळच हाय न्हवं?" काकू आत आल्या. अप्पांच्याच पट्टी कापायच्या ब्लेडने त्यांनी लिंबू मधोमध कापलं आणि देवाची उपकरणी घासावीत तसे रूळ घासायला लागल्या. घासत, ओल्या फडक्याने पुसत, मग पदराने कोरडं करत. माळाकोळीला त्यांचा हात थांबला. मग त्या पुढे सरकल्या आणि पार लोह्यापर्यंत रूळ लख्ख करूनच उभ्या राहिल्या.

अप्पांनी बटण दाबलं. गाडी निघाली, माळाकोळी मागे पडली, आणि लोह्याच्या पिवळ्या पाटीपाशी येऊन अलगद थांबली. टोपणातलं पाणी जसंच्या तसं होतं.

"दादा आला असता स्टेशनावर," काकू म्हणाल्या. "सायकल घिऊन."

"पोटात?" अप्पांनी हळूच विचारलं.

"काय न्हाई झालं."

ठरल्याप्रमाणे गाडी परत आणायची होती. अप्पांनी उलट्या बटणाकडे हात नेला, तसा काकूंनी तो धरला.

"लगीच माघारी नगा आणू. आजच्या दिस ऱ्हाऊ द्या तिला लोह्यात."

अप्पांनी हात मागे घेतला. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती आणि ती लपवायची त्यांना शुद्ध नव्हती. माझीही गत वेगळी नव्हती. काकू मात्र खाली गेल्या, आणि उरलेल्या अर्ध्या लिंबाचं आम्हा चौघांना सरबत करून घेऊन आल्या.