कोर्ट केंद्राचं, कायदा गावचा

कुणाच्याही दारात उभं राहिलं की लिमयेकाका बूट काढायच्या आधी विचारत, "इथं कायदा कुठला?" यजमानीण नागपूरची निघाली तर मुकाट्याने तिखट गिळत, पुण्याची निघाली तर आमटीतल्या गुळाबद्दल अवाक्षर काढत नसत. सातासमुद्रापार इथं एडिसनमध्ये नवं मराठी बिऱ्हाड आलं की या प्रश्नाची कल्पना आम्हीच त्यांना आधी देऊन ठेवायचो.

काका मूळचे रत्नागिरीचे वकील. इथं एका लॉ फर्ममध्ये नोकरी करताना त्यांना एक नियम सापडला आणि तो त्यांनी जन्मभर धरून ठेवला. दोन वेगळ्या राज्यांतल्या माणसांचं भांडण इथं केंद्राच्या कोर्टात जाऊ शकतं. पण निकाल मात्र राज्याच्याच कायद्याने द्यायचा. कामकाजाची रीत तेवढी कोर्टाची स्वतःची. "एवढं थोरलं कोर्ट, पण गावच्या कायद्यापुढे मान तुकवतं!" हे सांगताना काकांचे डोळे चमकायचे. ऐकणाऱ्याचे मिटायला लागायचे.

एका होळीला आमच्या मंडळात, पुरणपोळी दुधाशी की कटाच्या आमटीशी, यावरून दोघांची जुंपली. काका खुर्चीवरून उठले. "रांगेत या, कागदाची ताटं घ्या, ही मंडळाची रीत. ती सगळ्यांना लागू. पोळी कशाशी खायची ते ज्याच्या-त्याच्या गावचं. कोर्ट केंद्राचं, कायदा गावचा!" तोवर पोळ्या गार झाल्या होत्या.

त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र कायदा काकूंचा. काकू जळगावच्या, लसणाशिवाय त्यांचं पान हलत नसे. काकांना लसणाचा वाससुद्धा सोसत नसे. "अपील करीन!" म्हणायचे.

"करा की," काकू म्हणायच्या. "अपिलाचं कोर्टही मीच आहे." आणि त्यांच्या पानात बिनलसणाचं वरण वेगळं वाढायच्या.

एका हिवाळ्यात काकू गेल्या. त्यानंतरही बोलावलं की काका जेवायला येत, पण दारात काही विचारत नसत. ते मला फार लागायचं. मुलगा समीर दूर दुसऱ्या राज्यात, अ‍ॅशबर्नला. काकांना त्यानेच दिलेल्या घडीच्या सेलफोनवर तो रोज फोन करी, "बाबा, इकडे शिफ्ट व्हा ना. तिथे एकटे काय करणार?" काकांचा पाय निघत नव्हता. "हे तिचं राज्य आहे," मला म्हणायचे. "इथून हललो की संपलं ते." शेवटी एके दुपारी गॅस चालू ठेवून झोपी गेले, शेजाऱ्यांना वेळीच कळलं म्हणून वाचले, आणि वादच मिटला.

मीच त्यांना ड्राइव्ह करून समीरकडे घेऊन गेलो. मांडीवर एक बरणी धरून बसले होते. गाडीत लसणाचा वास कोंडला होता.

सून दारातच उभी होती. हसून म्हणाली, "बाबा, विचारा ना, इथे कायदा कुठला!" काकांनी बूट काढले आणि नुसतेच आत गेले. घर चांगलं मोठं, ऊबदार होतं. तरी मला रडू आलं.

जेवताना त्यांनी बरणी उघडली. काकूंनी शेवटची कुटलेली लसणाची चटणी, इतके महिने फ्रीजरमध्ये जपलेली. चमचाभर घेऊन भातात कालवली. पहिल्याच घासाला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

समीर घाबरला. "बाबा, तुम्हाला कुठे लसूण चालतो?"

काकांनी पुढचा घास उचलला.

"कोर्ट तुझं, बाळा," ते म्हणाले. "कायदा तुझ्या आईचा."