अण्णांच्या गच्चीवरची हिरवी रेघ

नवा लेझर लागतो की नाही हे पाहायला मी त्याचं तोंड स्वतःच्याच डोळ्याकडे वळवलं, तेवढ्यात माझ्या मनगटावर काठी बसली. लेझर घाटाच्या पायऱ्यांवरून गडगडत गेला. पन्नाशीचा, दोन मुलांचा बाप मी, काशीच्या भर दुर्गाघाटावर मार खाऊन उभा!

"पगला गए हो का?" अण्णा ओरडले. "डोळा म्हणजे कचौडी वाटली? संपली की दुसरी मागवायला?"

अण्णा आमचे शेजारी. शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले. रागवायचं हिंदीत, समजवायचं मराठीत, हा त्यांचा नेम. मी तो लेझर गच्चीवरची माकडं पळवायला आणला होता. दुकानदार म्हणाला होता, 'साहब, उस पार तक जाएगा.'

"म्हणूनच तो घ्यायचा नाही," अण्णा म्हणाले. "पाच मिलीवॅटच्या आतलाच घ्यावा, तोही ओळखीच्या दुकानातून. स्वस्तातल्या हिरव्यातून न दिसणारा किरणही निघतो. डोळा भाजतो आणि तुला पत्ता नाही!"

मग त्यांनी नियम सांगितले: माणसावर नाही, माकडावर नाही, नावेवर, विमानावर, पाण्यावर, कुणाच्या घासलेल्या तांब्यावरसुद्धा मारायचा नाही.

"मग मारायचा कुठे?"

"वर. जिथं कुणी नाही तिथं."

त्यांचा स्वतःचा लेझर किल्लीशिवाय लागत नसे, आणि किल्ली जानव्याला.

कार्तिकात आमच्याकडे उंच बांबूंवर करंड्यांतून आकाशदीप टांगतात, पितरांना वाट दिसावी म्हणून. दिवेलागणीला गंगेवर धुकं उतरलं की बांबू दिसेनासे होतात आणि दिवे नुसते अधांतरी लोंबतात. यंदा त्यांच्यामधून, अण्णांच्या गच्चीवरून, एक हिरवी रेघ वर जाऊ लागली. हलत नसे. टोकाला एखादा ताराही नसे. गल्लीतली कुत्री तिच्याकडे टक लावून बसत, एकही भुंकत नसे.

एका संध्याकाळी मी आणि बायको शिऱ्याचा डबा घेऊन वर गेलो. अण्णा आमच्याकडे पाठ करून उभे होते. लेझर कठड्यावरच्या शिकंज्यात पक्का बसवलेला, डोक्याच्या वर, आभाळाकडे रोखलेला. आणि ते कुणाशी तरी बोलत होते.

"दूधवाल्यापाशी उजवीकडे वळ. पुढे सांड बसला असेल. त्याला ओलांडू नकोस, भिंतीच्या बाजूनं ये."

गच्चीवर दुसरं कुणी नव्हतं.

"अण्णा, कुणाला सांगताय?"

"हिला," ते सहज म्हणाले.

काकू, अण्णांच्या पत्नी, पावसाळ्यातच वारल्या. नागपूरच्या. जन्म काशीत गेला, पण गल्ल्या काही कळल्या नाहीत. भाजीला गेल्या की कुणी ना कुणी त्यांना घरी आणून सोडायचं.

"सगळे आकाशदीप एकसारखे दिसतात रे," अण्णा म्हणाले. "भलत्याच्याच गच्चीवर उतरायची. आणि संकोची इतकी, की कुणाला विचारणार नाही. म्हटलं, आपला रंग वेगळा ठेवू."

तेवढ्यात धुक्यात विमान घरघरलं. अण्णांनी तत्क्षणी किल्ली फिरवली. हिरवी रेघ गेली आणि अंधार एकदम जवळ आला.

"त्यालाही डोळे आहेत, विझवायलाच हवा," ते पुटपुटले. "पण ही आता अर्ध्यातच थांबली असेल. कुठं पाहील?"

बायको पुढे झाली, कठड्यावर हात ठेवून तिनं धुक्यात हाक घातली, "काकूऽ, इकडे! इकडे या!"

खाली गल्लीतली कुत्री उठली, आणि कुणाला तरी वाट दिल्यासारखी दोन्ही बाजूंना सरकली.

विमानाचा आवाज विरला. अण्णांनी आभाळ नीट न्याहाळलं आणि मगच रेघ पुन्हा लावली.

आम्ही निघालो तेव्हा ते वरून ओरडले, "जाताना खालचं दार ओढून घ्या रे, माकडं शिरतात!"

बायको माझ्या मागून उतरली. घराच्या वळणाशी येईपर्यंत मी मागे पाहिलं नाही. भीतीनं, दुसरं काय!

"दार ओढलंस ना?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "एवढ्या शोधत शोधत काकू यायच्या, आणि दार बंद?"