दुपारच्या डुलकीचा लवाद

विनफिल्ड शहराने बंबवाल्यांची दुपारची डुलकी बंद करायचं ठरवलं, तेव्हा कॅप्टन गस लिंडक्विस्टच्या तोंडचा घास तोंडातच राहिला. चोवीस तासांच्या पाळीत रात्री-अपरात्री लोकांच्या आगी विझवायच्या, म्हणजे दुपारी दोन तास आरामखुर्चीत मिळायलाच हवेत. नाहीतर गस माणसात राहत नसे.

"पगार कापा एक वेळ," तो म्हणाला, "पण झोपेला हात लावू नका."

बंबवाल्यांना संपाची सोय नाही, त्यामुळे भांडण लवादाकडे गेलं. लवाद होत्या इर्मा व्हँडरकॅम्प. बाई देतील तो निवाडा दोघांनी मुकाट्याने मानायचा, अपील नाही. पद्धत अशी, की दोन्ही पक्षांनी आपला शेवटचा शब्द बंद लिफाफ्यात द्यायचा. ज्याने कमी ताणलं त्याचा शब्द बाई जसाच्या तसा उचलणार, मधला मार्ग काढणार नाहीत.

सुनावणीच्या दिवशी नगरपालिकेतला एसी बंद पडला आणि सगळं लटांबर बंबाच्या ठाण्यात आलं. आणि ठाण्यात आलेल्याला जेवल्याशिवाय सोडायचं नाही, मग तो शहराचा वकील का असेना, ही तिथली जुनी रीत.

"हे लाचेत मोडेल," वकील हॉलिस पेनिंग्टन ताटाकडे बघत म्हणाला.

"मग राहा उपाशी," स्वयंपाक सांभाळणारा डॉम म्हणाला. "बाई, तुम्हाला बटाटे?"

"वाढा. मध्ये खड्डा करून रस्सा घाला."

हॉलिसने गुपचूप ताट पुढे केलं. भाजलेलं मांस झालं, लोण्यात घोटलेले बटाटे झाले, वर पीचच्या फोडी भरून भाजलेला गोड, गरम ‘पाय’ झाला. मग तो युक्तिवादाला उभा राहिला.

"धडधाकट माणसाला दुपारी झोप येतच नाही. ती नुसती सवय आहे."

"बसून बोला," बाई म्हणाल्या.

बसायला आरामखुर्च्याच होत्या. हॉलिस बसला, खुर्ची अलगद मागे कलली. खिडकीतून नदीवरचा वारा येत होता, त्याला लिंडनच्या फुलांचा गोड वास होता. पंखा आपल्याच नादात फिरत होता. "करदात्यांच्या पैशावर..." इथवर हॉलिसचं वाक्य आलं आणि तिथेच विरघळलं. बाईंनी चष्मा पोटावर ठेवला. थोड्या वेळाने भोंगा वाजला, बंब गेला, कुणाचीशी पेटलेली कचराकुंडी विझवून परत आला. ही दोघं आपली तशीच, कुठल्या कुठे वाहत गेलेली.

गस बंबवाल्यांच्या युनियनचा लिफाफा घेऊन बसला. टाय कानामागे गेलेल्या त्या वकिलाकडे पाहून त्याला उगाच मायाही आली, आणि धास्तीही वाटली.

"डॉम, हा उठून काय लिहील रे?"

"हा? डोळ्याला डोळा लागू द्यायचा नाही तुमच्या."

गसने दोन तासांचा एक तास केला. मग काळजावर दगड ठेवून अर्धा केला, आणि लिफाफा चिकटवला.

हॉलिस जागा झाला तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. त्याने कानामागे गेलेला टाय सरळ केला.

"मला स्वप्न पडलं," तो हळूच म्हणाला. "कित्येक वर्षांनी."

"कसलं?"

"कसलं नाही. नुसतं पाणी होतं."

शहराने त्याला लिहायचे सगळे अधिकार देऊन ठेवले होते, ही शहराची चूक. त्याने झरझर लिहून लिफाफा दिला.

बाईंनी दोन्ही लिफाफे उघडले आणि चष्मा पुसून पुन्हा वाचले.

"युनियनचं म्हणणं, डुलकी अर्धा तास. शहराचं म्हणणं, दोन तास."



"बाई," गस चाचरत म्हणाला, "शहराचं आम्हाला मान्य आहे."

"लिफाफे उघडल्यावर मान्य-अमान्य राहत नाही. कमी कुणी ताणलं? शहराने दोन तास, तुम्ही अर्धाच. युनियन जिंकली."

"पाया पडतो बाई, हरवा आम्हाला."

पण निवाडा तो निवाडा.

आता रोज दुपारी दोनला गस डोळे मिटतो आणि अडीचला घड्याळ त्याला उठवतं. त्याच सुमारास पीच-पायचा डबा घेऊन हॉलिस येतो. निवाडा बंबवाल्यांना लागू आहे, वकिलांना नाही. गसच्या उबदार खुर्चीत तो पाय पसरतो आणि साडेचारपर्यंत पाण्यावर तरंगतो.

"डॉम, भांडी हळू," गस जांभई दाबत कुजबुजतो. "वकीलसाहेब झोपलेत."