लावून बघितलंय

लोकांच्या शोकेसमध्ये बाहुल्या असतात, कप असतात, फार तर एखादा ताजमहाल. आमच्या शेजारच्या राजक्कांच्या शोकेसमध्ये रिकाम्या ट्यूब आणि बाटल्या आहेत. प्रत्येक बाटलीला मालक आहे. "ही मोहोळच्या आत्याबाईंची, कांद्याचा रस. ही वकीलसाहेबांची, उंटाचं तेल म्हनं. उंटानं तरी कधी लावलंय का कुनाला ठाऊक!" भाजल्याच्या डागावर ज्याने ज्याने उपाय सांगितला, त्याची आठवण अक्कांनी अशी काचेआड ठेवली आहे. कोणी नवा उपाय सुचवला की त्या त्याला शोकेससमोर उभं करतात आणि म्हणतात, "लावून बघितलंय."

राजक्का विणकरांच्या घरातल्या. घरी तेलुगू, गल्लीत मराठी, आणि संतापल्या की दोन्ही एकदम. पुतणीच्या लग्नात भजी तळताना कढई कलंडली आणि उकळतं तेल हनुवटीपासून डाव्या हातापर्यंत उडालं. जखम भरली, पण कातडी जाड होऊन वर आली, आणि मान हळूहळू डावीकडे ओढली गेली. तेव्हा घरचे दवाखान्याऐवजी बाटल्या आणत राहिले. अखेर अक्का मोठ्या डॉक्टरकडे पोचल्या, तर तो म्हणाला, फार उशीर केलात, आता ऑपरेशननेच मान थोडी सुटेल. 'या वयात कशाला' म्हणून घरच्यांनी तोही विषय मिटवला.

एसटीत शेजारी बसलेली बाई तिकीट काढायच्या आधी विचारते, "नवऱ्यानं का?"

"न्हाय," अक्का म्हणतात, "भज्यांनी."

नवरा पुण्यात वॉचमन आहे. दिवाळीला येतो. फोटो काढताना न चुकता अक्कांच्या डाव्या बाजूला उभा राहतो, म्हणजे डाग झाकला जातो. "लई प्रेमाचा मानूस," अक्का म्हणतात. "फोटोपुरता."

अशा या बाईला गल्ली जरा टरकूनच असे. मग अर्चना भाजली.

अर्चना समोरच्या घरातली, कॉलेजला जाणारी. गॅसवर चहा ठेवताना ओढणीने पेट घेतला. जखम बरी झाली, पण पोरगी दिसेना. आई म्हणे, मामाकडे गेलीय. प्रत्यक्षात ती आतल्या खोलीत होती, मानेवर कोणा वैदूचा हिरवा लेप, आणि हनुवटी डाव्या खांद्याकडे झुकू लागलेली. हे कानावर येताच अक्का चप्पल न घालता समोरच्या घरात शिरल्या. आवाज ऐकून मीही मागे गेले.

"काय लावलंय ह्ये?"

"बोभाटा नको हो अक्का," आई रडकुंडीला आली. "पोरीचं लग्न व्हायचंय."

"हार घालायला मान वर करावी लागती की! का नवऱ्याच्या पायात घालनार हाय?"

दुसऱ्या दिवशी अक्का तिला दवाखान्यात घेऊन गेल्या, आणि मला 'टीचर, तुमी बोला, डॉक्टर लोक माझं ऐकत न्हाईत' म्हणून सोबत ओढलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: डाग पूर्ण पुसला जाणार नाही, पण मऊ होईल, फिका होईल. वर आलेल्या जाड भागात इंजेक्शनं, त्यावर सिलिकॉनची पट्टी, गळ्याला घट्ट दाबून बसणारा पट्टा, तोही रात्रंदिवस. रोज मालिश आणि मानेचे व्यायाम. उन्हात जाताना डाग झाकायचा. हे सगळं महिनोन्‌महिने. एवढं करून मान सुटली नाही, तरच ऑपरेशन.

सोलापूरचा उन्हाळा आणि गळ्याला तो पट्टा! अर्चना तो काढून फेकायची, अक्का धुऊन पुन्हा बांधायच्या. रोज दुपारी त्यांच्या आरोळ्या गल्लीभर ऐकू यायच्या. "वर बघ. पंखा बघ. पंख्यावरची धूळ बघ. आता उजवीकडं. आनखी!"

"चेटकीण आहेस तू!" पोरगी रडत किंचाळायची.

"व्हय, चेटकीन. उजवीकडं बघ."

वर्ष उलटलं तशी मान सुटली. डाग राहिला, फिकट आणि मऊ. बार्शीचं स्थळ आलं, मुलाला डाग दाखवला, त्याने होकार दिला. अक्कांनी हळदीसाठी मोहरी रंगाची साडी काढली, लांब बाह्यांचं ब्लाऊज शिवून घेतलं.

हळदीच्या आदल्या दिवशी अर्चनाची आई आली. मी तिथेच होते. "अक्का, राग मानू नका. पाव्हणे तुम्हाला बघून विचारत बसतील... पोरीचा विषय परत निघेल."

"मला कुटं टाईम हाय," अक्का म्हणाल्या. ती साडी मी नंतर त्यांच्या अंगावर कधीच पाहिली नाही.

लग्नानंतर काही दिवसांनी आम्ही दोघी नवी पेठेत गेलो होतो. समोरून अर्चना आली, सोबत नवरा आणि सासू. नजरानजर झाली. अक्कांचा हात वर जायला निघाला, तेवढ्यात अर्चनाने झटकन मान फिरवली आणि पलीकडच्या दुकानातल्या बांगड्या बघत ती पुढे निघून गेली.

माझा संताप आवरेना. "बघितलंत? हिच्यासाठी एवढं केलंत, आणि ही..."

अक्का ऐकत नव्हत्या. त्यांची स्वतःची मान वळत नाही, म्हणून सगळ्या अंगानिशी वळून त्या गर्दीतल्या अर्चनाकडे बघत राहिल्या होत्या.

"टीचर," त्या हळूच म्हणाल्या, "मान बघितली का तिची? उजवीकडं, पार खांद्यापर्यंत फिरली की."