तोंडातलं कंपाउंड

गेलं वर्षभर दिगंबरभाऊ समोर आले की आधी दात दाखवायचे, रामराम नंतर. ऊन असलं तर तोंड सूर्याकडे करायचे, नसलं तर मोबाइलचा टॉर्च लावून तो माझ्याच हातात द्यायचे आणि जबडा उघडायचे. आत वरखाली चकचकीत तारा. पन्नाशी कधीच ओलांडलेल्या माणसाच्या तोंडात! जानेफळच्या स्टँडवर एसटी थांबली की खिडकीतले प्रवासीही या प्रदर्शनातून सुटत नसत.

माणूस धंद्यानंही तारवालाच. रोही आणि रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून शेतांना तारेचं कंपाउंड करून देणं हे त्यांचं काम. "आधी खड्डा, मंग खांब, मंग तार," हे त्यांचं लाडकं वाक्य. लेकीच्या लग्नापासून ग्रामपंचायतीच्या निवडणुकीपर्यंत ते कुठेही लावतात, आणि गंमत म्हणजे ते लागतं.

त्यांच्या पुढच्या दातांत फट पडत गेली होती. भाकर चावली की रक्त यायचं. मेहकरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हिरड्यांचा आजार आहे, मुळांभोवतीचं हाड झिजलंय, म्हणून दात हलतात आणि सरकतात. तेव्हा आधी हिरड्या बऱ्या करायच्या, तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद, आणि मगच तारा. त्याही अगदी हलक्या ताणाच्या. भाऊंना परमानंद झाला. बाई तर आपल्याच धंद्यातल्या निघाल्या! तार तुमची वापरता की माही आणू, असं त्यांनी विचारलं म्हणे.

खर्रा सुटला. आमच्याकडे ही बातमी धरण भरल्याएवढी मोठी. कित्येक महिने हिरड्यांची साफसफाई चालली. मग तारा बसल्या, आणि भाऊ हॉटेलात चहा झाल्यावर सगळ्यांदेखत इवल्याशा ब्रशनं एकेक फट घासू लागले.

हॉटेलवाला किसना म्हणाला, "भाऊ, झटका सोडला का हो तारेत?"

"हाव. बोट लावून पाह्य."

या वयात दुसरं लगन करता का, असंही कुणीतरी विचारलं. भाऊ म्हणाले, घरी विचारून सांगतो.

घरी वहिनी. त्यांचं दुखणं तेच, फक्त दात जास्त पुढे आलेले. बोलताना तोंडावर पदर, हसताना दोन्ही हात. त्यामुळे वहिनींचं हसणं म्हणजे आम्हाला नुसता बांगड्यांचा आवाज. पुढे त्या हळदीकुंकवालाही येईनात. गुडघे दुखतात म्हणायच्या. हिरड्यांचे उपचार त्यांनी मुकाट करून घेतले, पण तारांचं नाव काढलं की एकच उत्तर: "लोकं हासतीन." दात असेच सरकत गेले तर घास तोडता येणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. भाऊंनी समजावलं, रुसून पाहिलं, एक दिवस जेवले नाहीत. वहिनी ढिम्म. मग भाऊ एकटेच जाऊन तारा बसवून आले, आणि दुसऱ्या दिवसापासून ते प्रदर्शन सुरू झालं.

यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे होतं. मला अर्थातच ओट्यावर हाकललेलं. थोड्या वेळानं वहिनी आल्या. चाल खणखणीत, मान खाली, पदर तोंडावर. सरळ आत गेल्या. मागोमाग भाऊ आले आणि खिडकीखाली माझ्याजवळ टेकले.

"कालच बसवल्या तिनं," ते कुजबुजले.

आत गलका चालला होता. तिळगूळ घेताना पदर सरकला असावा, कारण एकदम शांतता झाली. भाऊंनी माझा गुडघा घट्ट धरला.

मग पारूआजीचा खडा आवाज आला. "हे तं दिगंबरचंच मॉडेल हाय. रोज पाहून पाहून कंटाळलो बाप्पा. वाण काय भेटलं ते दाखव."

गलका पुन्हा सुरू झाला. माझा गुडघा सुटला.

"म्हणून वर्षभर दाखवत फिरत होतात होय?" मी विचारलं.

भाऊ जमिनीकडे पाहत म्हणाले, "गावाजवळ जेवढं हासनं होतं, तेवढं माह्यावर खर्च करून टाकलं. तिच्यासाठी ठेवलंच नाही काही."

तेवढ्यात आत वहिनी हसल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बांगड्या नाही, हसणं ऐकू आलं.

तेव्हापासून भाऊ भेटले की आधी रामराम करतात.