सासूबाईंनी पाठ फिरवून पडदा जिंकिला, त्याची हकीकत

वाचकांचे सेवेसी लेखनिकाचा मुजरा पोहोचे. आज्ञा जाहली की बैठकीच्या खोलीतील पडद्याची मोहीम कैसी घडली तें साद्यंत लिहावे. ऐसियास जैसे देखिले तैसे लिहितो, पदरचे घातले असेल तर थोडकेच.

लोक घरबसल्या माल मागवू लागले, बाजारातील कापडवाला दुकान मोडून निघून गेला, आणि सासूबाई रणावाचून राहिल्या. अखंड चाळीस वर्षे त्यांनी सांगितल्या भावाने वस्तू घेतली नाही; भाव ऐकावा, नाक मुरडावे, पाठ फिरवून चार पावले चालावे, आणि मग कापडवाल्याने "अहो मावशी, या तरी!" म्हणोन हाक मारावी, ऐसा रिवाज, आणि याच रिवाजावर त्यांची गल्लीत सरदारी. सूनबाईंनी फोन हाती देऊन अर्ज केला की यात घासाघीस चालत नाही, लिहिला भाव मुकाट द्यावा. सासूबाईंचा चेहरा उतरला. सरदारीच बुडाली तर मग राहिले काय?

मग त्यांनी फोनातील टोपलीत एक पडदा टाकिला आणि किंमत पाहिली आणि नाक मुरडिले, आणि फोन टेबलावर पालथा घालून स्वयंपाकघराचे दिशेने मोजून चार पावले चालत्या जाहल्या.

सूनबाई हसोन बेजार. "अहो आई, तुम्ही निघालात ते त्याला काय दिसतंय?"

"न दिसायला काय झालं? काल पडदे चाळले तेव्हापासून बातम्या उघडल्या तरी पडदे, गाणी लावली तरी पडदे. डोळा ठेवून आहे मेला!"

यात सासूबाईच खऱ्या ठरल्या. दुसरे दिवशी खलिता आला की तुमचा पडदा तुमची वाट पाहत आहे. फर्मान सुटले की फोनास कोणी हात लावू नये. मग तिसरे दिवशी खलिता, की थोडेच नग उरले. सासरेबुवांनी कच खाल्ली, म्हणाले, "घेऊन टाक ना एकदाचा, ऊन डोळ्यात येतंय," आणि त्यांस खुर्ची फिरवून बसण्याची आज्ञा जाहली. पाचवे दिवशी गनीम जेरीस आला. निम्मी किंमत कबूल, शर्ती दोन: पडदे तीन घ्यावे आणि जन्मतारीख कळवावी. जी जन्मतारीख सख्ख्या जावेस आजवर कळो दिली नव्हती, ती सासूबाईंनी चष्मा लावून स्वहस्ते गनिमाचे हवाली केली आणि तह जाहला.

तत्क्षणी फोनात रंगीत कागदांचा वर्षाव होऊन "अभिनंदन!" ऐसी अक्षरे उमटली. सासूबाई थबकल्या. कापडवाला हरला म्हणजे "मारलंत मावशी मला," म्हणोन कपाळ धरून बसे, आणि फत्तेची खरी गोडी त्या बसण्यातच. हरल्या गनिमाने अभिनंदन केल्याचे कोण्या तवारिखेत लिहिलेले नाही. सासूबाईंस वाईट वाटले, तें त्यांनी लपविले नाही. बराच वेळ फोनाकडे पाहून मग हलकेच पुसत्या जाहल्या, "त्याला जरा तरी लागलं असेल ना गं?"

सूनबाई होय म्हणाल्या.

येणेप्रमाणे फत्ते सासूबाईंचे नावे दाखल केली असे. खोलीस खिडकी एक. सबब उरले दोन पडदे कोऱ्या भिंतींस लाविले, आणि रोज सकाळी ते उघडण्याची कामगिरी सासरेबुवांकडे दिली आहे.