पाठमोरी मोटार

ही गोष्ट ऐकून जव्हारपासून मोखाड्यापर्यंत एकही माणूस विश्वास ठेवणार नाही, असं पुंजा छातीठोकपणे सांगायचा आणि मग समोर बसेल त्याला ती सांगायचाच. पाहुणा असो, तलाठी असो की वाट चुकलेला शेळ्यांचा व्यापारी, साखरशेत गावातल्या त्याच्या ओटीवर बूड टेकलं की सुटका नसे. पुंजाची डोकरी, म्हणजे म्हातारी बायको, शेजारी सुपात नाचणी पाखडत असायची. इतक्या वर्षांत तिनं या गोष्टीत कधी तोंड घातलं नव्हतं. फक्त काही ठिकाणी सूप जरा जोरात आपटायचं.

गोष्ट संस्थानी अमदानीतली. पुंजा तेव्हा दरबारच्या पागेत मोतद्दार होता. घोडे आठाचे तीन झाले होते, आणि त्या तिघांचंही गिऱ्हाईक बघणं चालू होतं. घोडे गेले की मोतद्दारही जाणार, हे कळायला पुंजाला शाळेत जावं लागलं नव्हतं. रिकाम्या ठाणात दरबारची जुनी मोटार उभी होती. नवी आल्यापासून हिला कुणी विचारत नव्हतं. चार पावसाळ्यांत उंदरांनी तिची टायरं खाल्ली, वाळवीनं टप खाल्लं. मागच्या गादीवर कोंबड्या अंडी उबवायच्या आणि पुढच्या गादीवर पागेचे कारकून वामनराव दुपारची झोप काढायचे.

एक दिवस मोटारीचा लिलाव निघाला. पुकारायचं काम वामनरावांकडेच आलं. माणसं तीस-चाळीस जमली, पण सगळी बघायला. बोली कुणी बोलेना. लोकांना जरा चेव यावा म्हणून वामनरावांनी स्वतःच आवाज दिला, "अकरा रुपये!" आणि आशेनं चहूकडे पाहिलं. लोकांनीही आदरानं त्यांच्याकडे पाहिलं.

"अकरा रुपये एक वार..." वामनरावांचा आवाज खाली आला. "दोन वार..." आता तो रडवेला झाला. समोर दरबारचे अंमलदार खुर्च्या टाकून बसलेले. तिसरा वार गिळून टाकायची सोय नव्हती. अशा रीतीनं वामनरावांनी वामनरावांना मोटार विकली.

घरी गौराबाईंनी एवढंच विचारलं, "मी मीठ आणायला सांगितलं होतं. मीठ कुठाय?"

"मीठ काय घेऊन बसलीस! दिवाळीला लेकीकडे मोखाड्याला मोटारीनं जायचंय. म्हणून मुद्दाम घेतली."

हे वाक्य वेळ मारून नेण्यापुरतं होतं. पण गौराबाईंनी ते शेजारी सांगितलं, शेजाऱ्यांनी बाजारात, आणि बाजारातून ते वामनरावांच्याही आधी मोखाड्याला पोचलं. मोखाडं म्हणजे इंग्रजी मुलूख आणि व्याही तिथले सरकारी कारकून. संस्थानी कारकुनाकडे ते आधीच नाकाच्या शेंड्यावरून बघायचे. त्यांचं पत्र आलं: 'मोटारीने येणार असे ऐकून आनंद जाहला. वेशीवर वाजंत्री घेऊन उभे राहतो. वाटेत बैल दमल्यास निरोप धाडावा, ताजे पाठवू.'

ते पत्र वाचल्यावर वामनरावांना दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी ते पागेत आले. दुरुस्तीसाठी पैसा उरला नव्हता, म्हणून पुंजा उरला होता.

"पुंजा, ही मोटार मोखाड्याला नेऊन दाखव. दरबारात शब्द टाकतो. नव्या मोटारीवर तुला कायम लावतो. खाकी कोट, पितळी बटणांचा."

पुंजाला कोटापेक्षा बटणांची गरज होती आणि बटणांपेक्षा कमूची. कमू ही फागूची लेक. मोखाड्याच्या वाटेवर मोठी चढण लागते, तिच्या पायथ्याशी फागूचा पाडा. घोड्याची लीद उचलणाऱ्याला लेक द्यायला फागू तयार नव्हता. पाड्यावरच माघ्या म्हणून एक गडी होता. त्याच्याकडे दोन रेडे होते आणि रेडे विकायला निघालेले नव्हते.

"मोटार चालवणार हाय मी आता," पुंजानं सांगितलं.

"ती कोंबड्यांची?" फागू म्हणाला. "बेस. बैल न लावता ही चढण चढली, तर कमू तुझी. नाय चढली तर माघ्याला देतो. दिवाळी झाली का सुपारी फोडायची हाय मला, थांबणार नाय."

मग पुंजानं मोटारीला हात घातला. टायरांत हवा भरायला आत रबरच नव्हतं. जुन्या कातड्यांत त्यानं भाताचा पेंढा ठासून भरला आणि वरून दोरीनं आवळलं. टपासाठी ठकी म्हातारीकडून पावसाळी इरलं विणून घेतलं. बांबूच्या काड्या, वर पळसाची पानं. एका माणसाचं इरलं विणणाऱ्या ठकीनं चौघांचं पहिल्यांदाच विणलं. ते मोटारीवर चढवल्यावर लांबून एखादं खोपटं गावाला निघाल्यासारखं दिसे. पेट्रोल दरबारच्या ड्रायव्हरनं अर्धा डबा दिलं, मधाच्या पोळ्याच्या बदल्यात. वर त्यानं एक गुरुमंत्रही दिला, "टाकी सीटखाली आहे. मोठ्या चढणीला पेट्रोल पुढे पोचत नाही. तिथे तोंड फिरव आणि पाठमोरी चढव."

अर्धा डबा मोखाड्यापर्यंत पुरणार नव्हता. ते टाकीत ओतून रिकामा डबा पुंजानं पहिल्या धारेच्या मोहाच्या दारूनं भरला. पाड्यावरचे म्हातारे तिच्यावर चढण चढतात, तर मोटार का नाही, असा त्याचा हिशेब होता.

राहता राहिला भोंगा. त्याचा रबरी फुगा उंदरांनी सगळ्यात आधी खाल्ला होता. भोंग्याशिवाय मोटार ही वामनरावांना कुंकवाशिवाय सवाष्ण वाटे. "लोकांना कळायला नको, कोण येतंय ते?" पुंजानं डोकं खाजवलं आणि नवशा तारपकऱ्याला आणलं. दुधी भोपळ्याचा तो दोन हात लांब तारपा एकदा घुमला की कोसभर ऐकू जाई. नवशानं मोटारीच्या पुढच्या चाकावरच्या पत्र्याच्या पंखावर बसायचं आणि वाटेत कुणी आडवं आलं की फुंकायचं. मजुरी म्हणून त्यानं मोहाची दारू मागितली. वेगळी दारू कुठून आणणार? डबा एकच. त्यातली मोटारीची किती आणि नवशाची किती, हे ठरवायचं राहून गेलं.

दिवाळीत निघाले. मागे गौराबाई, त्यांच्या मांडीवर लेकीसाठी करंज्यांचा मोठा डबा. पुढे फेटा बांधलेले वामनराव. मोटार खोकली, शिंकली, अंगावरून कोंबडीची दोन पिसं उडवली आणि खरंच चालली. जव्हारच्या बाजारात लोक तोंडात बोटं घालून उभे राहिले. वामनराव मान न वळवता फक्त डोळ्यांनी दोन्हीकडचं बघत होते.

फागूच्या पाड्यापर्यंत सगळं नीट झालं. तिथे नवं भात नुकतंच घरात आलेलं, देवाला दाखवून झालेलं. माणसं खुशीत होती. चार म्हातारे रस्त्यातच गप्पा मारत उभे.

"नवशा, भोंगा!" वामनरावांनी हुकूम सोडला.

नवशानं गाल फुगवले आणि तारपा घुमला.

भोंगा वाजला की माणसं बाजूला होतात, हे वामनरावांना ठाऊक होतं. तारपा वाजला की माणसं जवळ येतात, हे त्या मुलखातलं शेंबडं पोरही जाणत होतं. चार म्हाताऱ्यांनी एकमेकांच्या कमरेला हात घातले. घराघरांतून बाया आल्या, गडी आले, आणि बघता बघता मोटारीभोवती फेर धरला गेला. मध्ये तारपकरी, तारपकऱ्याखाली मोटार, मोटारीत वामनराव.

"अरे, रस्ता सोडा!"

"सोडू की, सायेब," फेरातून फागू म्हणाला. "तारपा थांबला का सोडू."

तारपा वाजतोय तोवर फेर मोडायचा नाही आणि तारप्याकडे पाठ करायची नाही, ही तिथली रीत. आणि तारपकरी नाकानं श्वास घेतो, तोंडानं फुंकतो, म्हणून त्याला मध्ये थांबावं लागत नाही.

"नवशा, बंद कर!" नवशाचे डोळे मिटलेले. वामनराव संतापले, आणि संतापलेला साहेब नेहमी करतो तेच त्यांनी केलं. गर्दीकडे बोट दाखवून ओरडले, "पुंजा, भोंगा जोरात वाजवायला सांग!" नवशानं तेवढं मात्र ऐकलं. पलीकडच्या पाड्यावरची माणसंही धावत आली आणि फेर दुहेरी झाला.

इंजिन बंद करता येत नव्हतं, कारण बंद केलं तर पुन्हा चालू होईल याची खात्री पुंजाला नव्हती. उभ्या उभ्या मोटारीनं पेट्रोल संपवलं. नवशानं घोटासाठी डबा तोंडाला लावला की तेवढ्यापुरतं फेर गाणं उचले, म्हणून नाच काही थांबेना, डबा मात्र उतरत गेला. त्यातच माघ्याचे दोन रेडे पेंढ्याचा वास काढत आले आणि मागचं टायर शांतपणे चघळू लागले.

"आपलं चाक खातायत ते!" वामनराव किंचाळत खाली उतरले. उतरलेल्या माणसाच्या कमरेला दोन्ही बाजूंनी हात पडले. गौराबाई पुढे आयुष्यभर सांगत, की आमच्या ह्यांना नाचता येतं हे मला लग्नानंतर वीस वर्षांनी कळलं.

ऊन कलायला लागलं तसा नवशा पंखावरून अलगद खाली घसरला आणि तिथेच झोपला. तारपा थांबला. फेर सुटला. फागू नाचून नाचून मोहाच्या झाडाखाली घोरत पडला. वामनराव चाकाला टेकून बसले. पलीकडे मोखाड्याच्या वेशीवर वाजंत्री उभी असणार, आणि व्याही ताजे बैल घेऊन.

"पुंजा," ते म्हणाले, "बैल बघ कुठे मिळतात का."

इथे पुंजा नेहमी थांबायचा, तंबाखू मळायचा आणि ऐकणाऱ्याला जरा तळमळू द्यायचा. त्या दिवशी ऐकायला शेळ्यांचा व्यापारी होता, तो चांगलाच तळमळला.

"मग? लावले बैल?"

"बैल?" पुंजा म्हणाला. "अरं, बैल लावले असते तर माझी सुपारी फुटली असती काय? डबा हलवला. तळाला अर्धी बाटली दारू व्हती. टाकीत ओतली. मोटारीचं तोंड जव्हारकडं फिरवलं, ढुंगण मोखाड्याकडं. मोटार अशी डरकाळली का झाडावरचे बगळे उडाले! नि चढली. पाठमोरी, एका दमात!"

"अर्ध्या बाटलीवर?"

"पहिल्या धारेची व्हती ना."

मग त्यानं पुढचं सांगितलं. फागू दचकून उठला, तेव्हा मोटार चढणीच्या माथ्यावर उभी. पलीकडे मोखाड्यापर्यंत सगळा उतार, तिथे मोटार थांबवणंच कठीण. वेशीवर ती पाठमोरीच शिरली. वाजंत्रीवाल्यांनी मागच्या चाकाला हार घातला. व्याह्यांना वाटलं, विलायतेत नव्या चालीच्या मोटारी अशाच येत असतील. अडाणी दिसू नये म्हणून त्यांनीही काही विचारलं नाही आणि पुढचे सहा महिने ते वामनरावांना मान देत राहिले. एवढंच झालं, की गौराबाईंचा करंज्यांचा डबा तिथे उघडला तर आत काही नव्हतं.

"म्हणजे?"

"हादऱ्यांनी भुगा झाला, नि भुगा वाऱ्यानं उडाला."

सूप एकदा जोरात आपटलं. व्यापाऱ्यानं तिकडे पाहिलं, पण डोकरी खाली मान घालून खडे निवडत होती.

पुंजाला कोट मिळाला. पाच बटणांचा. फागूनं सुपारी फोडली. गोष्ट एरवी इथे संपायची. पण व्यापारी चांगला ऐकणारा निघाला, त्यानं विचारलं, "आणि तो माघ्या? त्याचं काय झालं?" पुंजाला आणखी चेव आला.

"माघ्या? तो कसला गडी! मोटारीच्या आवाजाला भ्याला नि रेडे घेऊन पार दाभोसाला नदीवर पळाला. त्या दिवशी चढणीकडं फिरकलासुदीक नाय."

डोकरीनं सूप खाली ठेवलं.

"फिरकला नाय?" ती म्हणाली. "मेलेल्या माणसाबद्दल तरी खरं बोल, डोकऱ्या. मोटार पाठमोरी चढली, कारण दोरी बांधायची कडी मागंच व्हती. रेडे माघ्याचे, कासरा माघ्याच्या हातात, नि करंज्या दाखवत रेड्यांच्या म्होरं मी. शंभर करंज्या खाल्ल्या मुडद्यांनी, तवा माथा आला. तू कुठं व्हतास? तू आत बसून तोंडानं मोटारीचा आवाज काढत व्हतास. नि बा जागा झाला, तवा 'बैल नाय लावले' अशी देवाची आण कुणी घेतली? माघ्यानं."